पंचाहत्तर रुपयांचं कॉलेज

लेकीच्या अकरावीच्या प्रवेशाची यादी लागायची होती. घरात बसून मोबाइल चाळत राहण्यापेक्षा बरं, म्हणून आम्ही दोघी सकाळी फर्ग्युसनच्या आवारात जाऊन बसलो. दगडी मुख्य इमारत, आदल्या रात्रीच्या पावसानं काळी पडलेली झाडं, आणि आमच्यासारखेच फायली छातीशी धरून बसलेले आईबाप. लेकीनं कमानीकडं बघत विचारलं, "आई, हा फर्ग्युसन कोण? त्यानं काढलं का हे कॉलेज?"

"नाही गं. गव्हर्नर होता मुंबईचा. त्यानं देणगी दिली. काढलं टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी यांनी."

"मग नाव त्याचं कशाला?"

प्रश्न सरळ आहे, उत्तर तेवढं सरळ नाही. मी सांगलीची, विलिंग्डन कॉलेजात शिकलेली. तिथं पहिल्या वर्षाला असताना मी हाच प्रश्न माझ्या वडिलांना, अण्णांना विचारला होता. अण्णा जिल्हा परिषदेत कारकून. त्यांना प्रश्न आवडायचे, पण उत्तरं ते हिशेबाच्या भाषेत द्यायचे. म्हणाले, "अगं, साहेबाचं नाव दारावर असलं की संस्थानिकाची थैली सुटते. नाव साहेबाचं, पैसा संस्थानिकांचा, काम आपलं. कुणाचं काय गेलं?"

अण्णांचा हिशेब बराचसा खरा होता. सर जेम्स फर्ग्युसनची स्वतःची देणगी बाराशे रुपयांच्या आसपासची, म्हणजे तेव्हाही कॉलेज उभं राहील एवढी काही नव्हे. पण त्याच्या नावानं दक्षिणेतल्या संस्थानांचे दरवाजे उघडले. ते उघडायला दारोदार फिरणारा माणूस म्हणजे महादेव बल्लाळ नामजोशी. टिळक-आगरकरांचे पुतळे आहेत, रस्ते आहेत, जयंत्या आहेत. नामजोशींचं नाव मात्र माझ्या लेकीनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पैसा गोळा करणाऱ्याचं नशीब आपल्याकडं असंच असतं.

सुरुवात कॉलेजापासून झालीच नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. टिळक आणि नामजोशी पहिल्यापासून बरोबर, वामन शिवराम आपटे त्याच वर्षी आले आणि आगरकर एम.ए. उरकून मागाहून. पुढच्याच वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. कोल्हापूरच्या दिवाणावर लिहिलं म्हणून १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बसून आले. शाळेचे मास्तर तुरुंगात, आणि तरी पालक मुलं पाठवत राहिले, हे मला आजही नवलाचं वाटतं. त्याच वर्षी मार्चमध्ये विष्णुशास्त्री गेले, एकतिसाव्या वर्षी.

२४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी रीतसर स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ ला कॉलेज. शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात. उद्घाटनाला एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल वर्ड्स्वर्थ आले होते, त्या कवी वर्ड्स्वर्थचे नातू. पेठेतल्या वाड्याच्या चौकात इंग्रज कवीचा नातू उभा आहे आणि समोर पगडी-उपरण्यातली पंचविशी-तिशीतली पोरं 'आम्ही कॉलेज चालवणार' म्हणतायत, हे दृश्य मी बरेचदा डोळ्यांपुढं आणून बघते. पोरंच म्हणायची. पहिले प्रिन्सिपॉल आपटे तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते.

पण मला या कॉलेजात सगळ्यात जास्त ओढ कशाची असेल, तर ती एका आकड्याची. पंचाहत्तर.

सोसायटीचा आजीव सभासद व्हायचं तर वीस वर्षांचं वचन द्यायचं. पगार महिना पंचाहत्तर रुपये, विमा सोसायटी उतरवणार, आणि वीस वर्षं भरली की पेन्शन महिना तीस. एम.ए. झालेल्या माणसाला सरकारी खात्यात याहून कितीतरी जास्त मिळत होतं. आगरकरांनी तर आईला पत्र लिहून आधीच सांगून टाकलं होतं की, मुलगा मोठ्या परीक्षा पास होतोय म्हणून मोठ्या पगाराची स्वप्नं बघू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानणार आहे. शाळेत असताना हे पत्र आम्हाला आदर्श म्हणून शिकवलं. तेव्हा डोळे भरून आले होते. पुढं स्वतः पगारावर जगायला लागल्यावर ते पत्र आईच्या बाजूनं वाचलं, आणि तेव्हाही डोळे भरून आले. कारण मात्र वेगळं होतं.

त्या पंचाहत्तरमध्ये घर बसवायचं काम आगरकरांच्या यशोदाबाईंचं. नवरा दम्यानं खंगलेला, गावाला नकोसा झालेला. गाव असं की त्यानं या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. बाई स्वतः जुन्या वळणाच्या, नवरा सुधारक, पण त्यानं आपली मतं घरात बायकोवर लादली नाहीत. आपटे १८९२ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले आणि आगरकर प्रिन्सिपॉल झाले. जेमतेम तीन वर्षं. १८९५ च्या जूनमध्ये तेही गेले, एकोणचाळिसावं पुरं व्हायच्या आधी. स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते असं सांगतात. माझ्या मते ही गोष्ट आगरकरांच्या निःस्पृहतेची जेवढी, तेवढीच त्या पगाराची आहे.

त्याच वर्षी कॉलेज पेठेतून उठून गावाबाहेर, आजच्या टेकडीच्या पायथ्याशी आलं. वाड्यातून माळावर. हा पहिला विस्तार, आणि तो आगरकरांना नीट उपभोगताही आला नाही.

आता भांडणाकडं यायला हवं, कारण या कॉलेजचा इतिहास भांडण वगळून सांगितला की तो स्मरणिकेतला लेख होतो. टिळकांचं म्हणणं होतं की आपण जेझुइट पाद्र्यांसारखं राहायचं. संस्थेचं काम, संस्थेचा पगार, बाकी काही नाही. बाहेरची कमाई नको, बाहेरचे उद्योग नकोत. आगरकर, आपटे, आणि वयानं सगळ्यात लहान असलेले गोखले यांचं म्हणणं, पोराबाळांचे खर्च वाढतात, थोडी पगारवाढ हवी, आणि कॉलेजचं काम चोख करून उरलेल्या वेळात माणसानं पुस्तक लिहिलं तर बिघडलं काय? गोखल्यांचं अंकगणिताचं पुस्तक होतं आणि ते चांगलं खपायचं. १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि ठिणगी पडली. टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. त्याआधी 'केसरी'वरून आगरकर बाजूला झालेच होते आणि १८८८ पासून त्यांचं 'सुधारक' निघत होतं.

कॉलेजात असताना आम्ही वादविवाद स्पर्धेसाठी ही भांडणं पाठ केली होती. मी टिळकांच्या बाजूनं बोलले आणि जिंकले. विषय 'तत्त्व की व्यवहार' असा काहीतरी होता. बाविसाव्या वर्षी तत्त्वाच्या बाजूनं बोलणं सोपं असतं.

मग मी एम.ए. झाले, सेट झाले, आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागले. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही, सगळीकडं तेच आहे. ज्यांना सीएचबी म्हणजे काय ते माहीत आहे त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शिकवलेल्या तासाचेच पैसे. पेपर तपासणं, स्नेहसंमेलन, नॅकची फाइल, एन.एस.एस.चा कॅम्प, हे सगळं संस्थेवरच्या प्रेमापोटी. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. मे महिन्यात आपण कोणाचेच कोणी नाही. आणि जे मिळायचे, ते बिल मंजूर होऊन हातात पडेपर्यंत पुढचं सत्र अर्धं सरलेलं असायचं. एकदा संस्थेच्या वर्धापनदिनी पाहुण्यांनी व्यासपीठावरून आगरकरांच्या त्याच पत्राचा दाखला दिला आणि आम्हा तासिकावाल्यांकडं बघून म्हणाले, शिक्षकानं पैशाकडं बघू नये. शेजारी बसलेला भूगोलाचा सर हळूच म्हणाला, "मॅडम, आगरकरांना दर महिन्याला मिळत होते हो."

मी एवढी खळखळून हसले की पुढच्या रांगेनं वळून बघितलं. पण त्या दिवशी मला कळलं की माझी बाजू बदलली आहे. गरिबी स्वतः पत्करलेली असेल तर ते व्रत. दुसऱ्यानं करारात घालून दिली तर तिला व्रत म्हणायचं काही कारण नाही. टिळक संस्थेच्या व्रताबद्दल बोलत होते, आगरकर घरातल्या डब्याबद्दल, आणि त्या कॉलेजला दोन्ही लागत होतं.

गंमत अशी की त्या भांडणानं कॉलेज मोडलं नाही. टिळकांची गणिताची जागा रिकामी झाली आणि तिथं शिकवायला गोखल्यांनी आपल्या एका जुन्या मित्राला मुंबईहून बोलावून घेतलं: धोंडो केशव कर्वे. १८९१ चं साल. दोन वर्षांनी, मार्च १८९३ मध्ये, कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी वाळीत टाकलं. कॉलेजनं टाकलं नाही. तेव्हा प्रिन्सिपॉल आगरकर होते. पुढं हिंगण्याच्या माळावर विधवांच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली आणि कर्वे कॉलेज संपवून चिखल तुडवत रोज तिकडं जायला लागले. फर्ग्युसनमध्ये ते १९१४ पर्यंत शिकवत होते आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. त्या विद्यापीठासाठी वर्गणी मागत त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. फर्ग्युसनचा विस्तार मोजायचा तर तो असा मोजायला हवा असं मला वाटतं. टिळक बाहेर पडले ते देशात गेले. गोखल्यांनी १९०२ मध्ये अध्यापनातून निवृत्ती घेतली, ती तीस रुपये पेन्शनवर, आणि १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. कर्वे आत राहून बाहेरचं बांधत राहिले. या कॉलेजच्या फांद्यांपेक्षा त्याचं बी जास्त लांब गेलं.

गोखल्यांच्याच साली सावरकरांचं ते प्रकरण झालं. सावरकर वसतिगृहात राहत होते, त्यांची खोली अजून जपून ठेवली आहे. १९०५ च्या दसऱ्याच्या सुमारास विदेशी कपड्यांची होळी पेटली. प्रिन्सिपॉल होते रँग्लर परांजपे. कर्व्यांचे नात्यातले, दापोलीकडच्या मुर्डीचे, केंब्रिजचे १८९९ चे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, आणि तो मान मिळवणारे पहिले भारतीय. इंग्लंडात राहिले असते तर काय झालं असतं याचा विचार न करता सव्विसाव्या वर्षी ते फर्ग्युसनला प्रिन्सिपॉल म्हणून आले आणि पुढं वीसेक वर्षं राहिले. त्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. दहा रुपये म्हणजे आजीव सभासदाचा चार दिवसांचा पगार! 'केसरी'नं लिहिलं, 'हे आमचे गुरूच नव्हेत'. लिहिणारा स्वतः त्याच कॉलेजचा एक संस्थापक. घरातल्या माणसानं ओसरीवर उभं राहून आतल्यांना बोल लावावेत, तसं.

परांजपे मला तरीही आवडतात, हे कबूल करून टाकते. ते नास्तिक होते, हटवादी होते, साहेबी थाटाचे होते, आणि त्यांच्या घरात शिकायला आलेली एक मुलगी पुढं इरावती कर्वे म्हणून ओळखली गेली. तिनं १९२६ मध्ये फर्ग्युसनमधूनच तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली. परांजप्यांच्याच काळात, १९१२ पासून काही वर्षं, इथं पाली शिकवायला धर्मानंद कोसंबी होते. गोव्यातल्या साखवाळहून निघून, बुद्ध शोधत नेपाळ-सिलोन-ब्रह्मदेश पालथा घातलेला माणूस पुण्याच्या पोरांना पाली शिकवतोय! अशा माणसाला वर्गात उभं करणारं कॉलेज पुरोगामी म्हणायला माझी हरकत नाही.

पण तो शब्द वापरताना जीभ थोडी अडखळते. १८८२ मध्ये, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल दोन वर्षांचं असताना, याच पुण्यातून जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं की, सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा घालतंय आणि ज्या रयतेच्या करातून तो येतो तिच्या पोरांना प्राथमिक शाळाही नाही. कॉलेज काढणारे आणि त्यात शिकणारे बहुतेक एकाच आळीतले होते. नवी आळी उघडायला आणखी वेळ लागला, आणि ती प्रामुख्यानं दुसऱ्यांनी उघडली.

इथं माझं सांगलीचं सूत जुळतं. सोसायटीनं १९१९ मध्ये विलिंग्डन कॉलेज काढलं. सांगली आणि मिरजेच्या मध्ये, विश्रामबागेत. पुन्हा गव्हर्नरचंच नाव. आणि हा विलिंग्डन नंतर व्हाइसरॉय होऊन आला आणि १९३२ च्या जानेवारीत त्याच्या सरकारनं गांधीजींना तुरुंगात टाकलं. आमच्या वर्गात कोणालाच याचं काही वाटायचं नाही. 'विलिंग्डन' हा आमच्यासाठी मराठी शब्द होता. एस.टी.च्या कंडक्टरला 'एक विलिंग्डन' म्हटलं की तिकीट मिळायचं. त्याच १९१९ मध्ये, आमच्यापासून फार लांब नाही, कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. अण्णा रयतच्या शाळेत शिकले, वसतिगृहात राहून, शेतात काम करून. त्यांची मुलगी विलिंग्डनला गेली. आमच्या घरात ही दोन्ही टोकं जेवणाच्या एकाच पंगतीला बसायची. मी पुण्याच्या कॉलेजचा अर्ज आणला तेव्हा अण्णा म्हणाले, "फर्ग्युसन परवडणार नाही. इथं जा. हे त्याच घरचं आहे." थोडं थांबून म्हणाले, "आणि आमच्या घरचं तुला चालत नाही, तेव्हा."

टोमणा होता. मी तेव्हा कळूनही न कळल्यासारखं केलं.

पुढचा विस्तार भराभर सांगते. १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या देणगीतून पुण्यात बीएमसीसी हे कॉमर्सचं कॉलेज झालं. गव्हर्नरची जागा साखर कारखान्यानं घेतली, आणि महाराष्ट्राचं पुढचं अर्धं शतक कोणाचं असणार याची चाहूल तिथंच लागायला हवी होती. १९५४ मध्ये दादरला कीर्ती कॉलेज, जे आज मुंबईत शिक्षणाइतकंच बाहेरच्या वडापावसाठी प्रसिद्ध आहे. १९६० मध्ये सांगलीतच चिंतामणराव कॉमर्स कॉलेज. मधे १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं आणि फर्ग्युसन मुंबई विद्यापीठाच्या छत्रातून इकडं आलं. या सगळ्याला संस्थेच्या अहवालात 'वटवृक्ष' म्हणतात. हा शब्द वापरायला शिक्षणसंस्थांना बंदी घालावी असं माझं फार दिवसांचं म्हणणं आहे.

आणि नावाच्या प्रश्नाचं एक उत्तर इतिहासानं स्वतःच देऊन टाकलं होतं. २२ जुलै १९३१. हंगामी गव्हर्नर हॉटसन फर्ग्युसन बघायला आला. वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे नावाच्या इथल्याच विद्यार्थ्यानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला, गोगट्यांना शिक्षा झाली. एका गव्हर्नरचं नाव घेऊन उघडलेल्या कॉलेजात शेहेचाळीस वर्षांनी दुसऱ्या गव्हर्नरवर पिस्तूल रोखलं गेलं.

लेकीला हे सांगितलं तेव्हा तिनं मोबाइल खाली ठेवला. "लायब्ररीत?"

"लायब्ररीत."

"बापरे."

यादी अजून लागली नव्हती. मग आम्ही मागच्या टेकडीवर चढलो. वर एक दगडी स्तंभ आहे, सकाळी फिरायला येणारे त्याला टेकून पाय ताणतात. १२ जून १९०५ ला गोखल्यांनी इथं भारत सेवक समाजाची शपथ घेतली, स्वतः आधी, मग द्रविड, देवधर आणि पटवर्धनांना दिली. लेकीनं मोबाइलवरची तारीख बघितली. बारा जून. आम्ही ठरवून आलो नव्हतो. एक आजोबा स्तंभाला हात लावून उड्या मोजत होते, चाळीस, एकेचाळीस. खाली फर्ग्युसन रस्ता दिसत होता, ज्याचं कागदोपत्री नाव नामदार गोखल्यांचं आहे आणि त्या नावानं पत्ता विचारला तर कोणालाच सांगता येणार नाही.

"यांनीपण गरिबीची शपथ घेतली?" लेकीनं विचारलं.

"जवळजवळ."

ती स्तंभाभोवती एक चक्कर मारून आली. "आई, पंचाहत्तर रुपयांत तेव्हा घर चालायचं?"

"ते यशोदाबाईंना विचारायला हवं होतं," मी म्हटलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मैत्रीण होती. यादी लागली होती.